‘तयार’ नावाचा फोल्डर

सोमवार, ३ फेब्रुवारी

पलूसला सुखरूप पोहोचले. साताऱ्याहून निघताना मागच्या सीटवर तीन डबे ठेवले आणि तिघांनाही सीटबेल्ट लावले. नवऱ्याला इतकं जपलं असतं तर संसार टिकला असता. पण नवरा कंपनीला परत करायचा नव्हता, हे डबे करायचे आहेत.

काम नेहमीचंच. सांगलीच्या मासिकात घरगुती यंत्रांची उलटतपासणी लिहायची. गेल्या वर्षी मिक्सर झाले (एका कंपनीच्या वकिलाची नोटीस मी फ्रेम करून न्हाणीघरात लावली आहे), यंदा नेटवर्क स्टोरेज. म्हणजे असा डबा, जो घरातल्या वायफायला जोडून कोपऱ्यात ठेवायचा आणि घरादाराचे फोटो, व्हिडिओ, कागद त्यात कोंबायचे. कोणीही आपल्या फोनवरून ते बघावं. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक मेली तर दुसरी सांभाळते. संपादक सृष्टीचं म्हणणं पडलं, की ताई, यंदा खऱ्या घरात, खऱ्या पसाऱ्यावर तपासा. आणि पसारा तिनेच शोधून दिला.

पसारा सुभेदार लालासाहेबांचा. म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा, अर्जुनाचा. अर्जुनाने याच घराच्या वरच्या मजल्यावर तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. दोन वर्षांपूर्वी म्हसवडला एका लग्नात फोटो काढता काढताच कोसळला आणि गेला. मागे अकरा जुन्या डिस्क, त्यात अख्ख्या तालुक्याची लग्नं. ठरलंय ते असं: स्टुडिओ दोन आठवडे माझा; जो डबा जिंकेल तो सुभेदार विकत घेणार आणि मी अर्जुनाचं सगळं त्यात नीट लावून देणार.

सुभेदारांची बायको मनुबाई. जिना चढून आल्या, डबे निरखले आणि म्हणाल्या, एवढंसं हे, अन् ह्यात गावाची लग्नं बसत्यात व्हय? मग त्यांनीच बारसं केलं. निळे दिवे लुकलुकवणारा पांढरा तो नवरदेव. घरघर करणारा जाडा तो पैलवान. आणि काळी, आवाजच न करणारी, ती मुकी. मी म्हटलं, नावं छान आहेत, लेखात वापरते. त्या म्हणाल्या, वापरा की, पर मुकीवर लय भरोसा ठिवू नगा, न बोलनाऱ्या बायका मी बगितल्यात.

ही बाई मला आवडली. बरोबरीची आहे.

स्टुडिओ तसाच आहे. भिंतीवर स्वित्झर्लंडचा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा, दारावर पाटी: सकाळी १० ते ५, मंगळवारी बंद. अर्जुनाचा फोटो मात्र कुठे दिसेना. विचारलं तर सुभेदार म्हणाले, न्हाई बाई, एकबी न्हाई, त्यो कायम क्यामेऱ्याच्या मागंच. संध्याकाळी आम्हा तिघांचा पायरीवर फोटो झाला. सुभेदारांनी मोबाइल कुंडीला टेकवून टायमर लावला आणि भावाची नक्कल केली: हनुवटी खाली, श्वास धरा. गावातलं प्रत्येक माणूस अर्जुनासमोर एकदा तरी श्वास धरून बसलेलं आहे म्हणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर अकरा डिस्क माझ्या लॅपटॉपशी जोडून उपसल्या. एकूण एक्केचाळीस हजार फायली, नऊशे जीबी. हेच माझं वजन. तिन्ही डब्यांवर सारखंच टाकायचं.

आणि त्यात एक रत्न सापडलं.

आपल्याकडे माणूस गेलं, की घरात पहिला हंबरडा आणि दुसरी धावपळ फोटोची. चौकात फ्लेक्स लागायला हवा, आणि आजोबांचा धड फोटो एकही नसतो. मग नातवाच्या लग्नातल्या घोळक्यातून आजोबा कापायचे, हातातली जिलबी पुसायची, अंगात कोट घालायचा. अर्जुना या धावपळीला कंटाळला असावा. त्याने सोय केली. प्रत्येक लग्नात तो साठीपुढच्या माणसांना बाजूला बोलावून एकेकाचा फोटो काढायचा आणि घरी येऊन फ्लेक्स तयार करून ठेवायचा. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली नाव, जन्मतारीख. फक्त मृत्यूच्या तारखेची जागा कोरी. फोल्डरचं नाव ‘तयार’. माणूस गेलं की तारीख भरायची आणि फाईल दुसऱ्या फोल्डरात सरकवायची. त्याचं नाव ‘झालेले’.

पुरुषांना सगळ्यांना एकच निळा कोट. बायकांना एकच हिरवी साडी आणि नथ. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात राबलेली माणसं एकजात बँकेच्या व्यवस्थापकासारखी दिसतात. ‘तयार’मध्ये सहाशे बारा, ‘झालेले’मध्ये चौदाशे अडतीस. मनुबाईंना त्यांचा दाखवला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, भावजीनं माजं वजन कमी केलंय, ऱ्हाऊ द्या असंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

निकाल. नवरदेव: सहा तास दहा मिनिटं, त्यातही मध्येच एकदा रुसला. पैलवान: चार तास, पण अंगावर भाकरी भाजता येईल इतका तापतो. मुकी: दोन तास एकोणतीस मिनिटं. हूं की चूं नाही. इतकं निर्दोष यंत्र बघून मला बरं वाटेना. टीकाकाराने जगायचं कशावर?

मग चारच्या सुमाराला फायली मोजल्या आणि जीव भांड्यात पडला. मुकीत ‘तयार’मध्ये सहाशे अकरा, ‘झालेले’मध्ये चौदाशे एकोणचाळीस. एक फाईल इकडची तिकडे. वेगाच्या नादात घोटाळा केलाच तिने. लेखाचा मथळा मिळाला.

सरकलेली फाईल कुणा गुंडा तात्यांची. वय एक्क्याऐंशी, निळा कोट. तारखेची जागा मी पाहिली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला गुंडा तात्या गेले. चहाची बशी तोंडाला लावली होती तशीच.

सुभेदार फोटो न्यायला वर आले. आता फ्लेक्स दुसरीकडे छापून घेतात, पण फोटो इथलाच लागतो. मी मुकीतली फाईल उघडली. मृत्यूच्या जागी आजची तारीख होती. मी काल कॉपी केली. फाईल काल सरकली.

सुभेदारांना वाटलं तारीख मीच आत्ता भरली. म्हणाले, म्याडम, लय फास्ट काम हाय तुमचं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

योगायोगावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून पुन्हा मोजलं.

अकरा वाजता मुकीत ‘तयार’ सहाशे दहा. सरकलेली फाईल बी-बियाण्यांच्या दुकानातल्या पद्मावती काकूंची. तारीख आजची. दुकान चौकातच आहे म्हणून चालत गेले. काकू गल्ल्यावर ठणठणीत, एका गिऱ्हाइकाला झापत होत्या, की गेल्या वर्षीचं बी उगवलं न्हाई म्हंतोस, पाणी दिलंतंस का? मग माझ्याकडे वळून विचारलं, काय पायजे. काय सांगायचं? डब्याने तुमची फाईल हलवली? मी पाव किलो धने मागितले. त्यांनी मूठभर जास्त घातले, पाहुणी म्हणून.

दुपारी तीनला मनुबाईंनी खालून हाक मारून सांगितलं.

धने टेबलावर आहेत. पुडी सोडवत नाही.

बाकीच्या दोघांतही पाहिलं. पैलवानात दोन्ही फायली माणूस गेल्यावर लगेच सरकल्या. नवरदेवात तात्यांची आज, एक दिवस उशिरा, आणि काकूंची अजून नाही. तेराव्याला उगवणाऱ्या पाहुण्यासारखा आहे तो. फक्त मुकी आधी सरकवते. तात्यांच्या वेळी साडेअठरा तास आधी. काकूंच्या वेळी चार तास.

वेग वाढतोय. कुठल्याही परीक्षकाला हेच दिसलं असतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

निघून जाता येतं. गाडी दारात आहे. सृष्टीला फोन केला. ती म्हणाली, ताई, भन्नाट आहे, पण शब्दमर्यादा सांभाळा.

जाणार नाही. मला वकिलांनी घाबरवलेलं नाही, नवऱ्याने नाही, मग हा साडेआठ हजारांचा काळा डबा कोण? ‘तयार’मध्ये सहाशे दहा माणसं बसली आहेत आणि त्यांना माहीतही नाही. कोणीतरी नजर ठेवायला हवी.

सोमवार, १० फेब्रुवारी

पाच वाजून गेलेत. क्रमाने लिहिते.

सव्वादहाला मी मुकीचा फोल्डर उघडून बसले होते. खाली मनुबाई खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होत्या, ठक ठक चाललं होतं. माझ्या डोळ्यांदेखत एक फाईल ‘तयार’मधून गेली. ‘झालेले’ उघडलं. हिरवी साडी, नथ, कमी केलेलं वजन. मनुबाई.

आणि खलबत्ता थांबला होता.

मी विचार केला नाही. फाईल धरली आणि ओढून परत ‘तयार’मध्ये टाकली. तारीख पुसली गेली. एक क्षण काही नाही. मग ठक. ठक ठक.

चौदा सेकंद. घड्याळ सवयीने चालू होतं.

खाली पळाले. मनुबाई म्हणाल्या, जरा अंधारी आल्यावानी झालं बगा, श्वासच आडकला, आन् तुमी का अशा पांढऱ्याफेक पडलाय, जेवला न्हाईसा का.

अकराला पुन्हा गेली. परत ओढली. पावणेबाराला पुन्हा. मग मी मूर्खपणा केला. चिडून मुकीची वायर उपटली. खालून भांडं पडल्याचा आवाज, सुभेदारांची हाक. वायर परत लावली, पण डबा सुरू झाल्याशिवाय फाईल हलवता येत नाही. मुकीला सुरू व्हायला एक मिनिट पन्नास सेकंद लागतात. माझ्या तक्त्यात हा आकडा आहे, त्यापुढे ‘उत्तम’ असं लिहिलंय.

एक मिनिट पन्नास सेकंद मी फाईल कधी दिसते ते बघत उभी राहिले, आणि खाली एक म्हातारा सुभेदार बायकोचं नाव घेत राहिला.

परत आल्या. डावा हात उचलत नाही.

त्यानंतर खुर्चीतून उठले नाही. दर अर्ध्या तासाने, मग दर वीस मिनिटांनी. पुसून टाकायचा मोह झाला, पण जी फाईल दोन्हीकडे नाही तिच्या माणसाचं काय होतं, ते मनुबाईंवर तपासणार नाही.

पाच वाजले आणि थांबलं. एकदम. दुकान बंद झाल्यासारखं.

सुभेदारांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, बाई, फौजेत वीस वर्सं आडर पाळली, तुमी आडर सांगा. मी म्हटलं, उद्या सकाळीच मनुबाईंना सांगलीला दवाखान्यात हलवा. मी इथेच बसते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दहा वाजले. अकरा. बारा. काही नाही. फाईल जागेवर. सांगलीहून फोन: मनुबाई ठीक, दवाखान्यातल्या आमटीला नावं ठेवतायत.

एक वाजता डोक्यात उजेड पडला. दहा ते पाच. मंगळवारी बंद.

डबा काही करत नाहीये. डबा बिचारा वेगवान आहे, एवढाच त्याचा गुन्हा. काम करणारा दुसरा आहे, आणि तो कामाच्या वेळा पाळतो.

अर्जुनाचं नाव दोन्ही फोल्डरांत शोधलं. ‘झालेले’मध्ये नाही. ‘तयार’मध्येही नाही. सुभेदारांना फोन करून विचारलं, भावाचा फ्लेक्स कुणी केला? म्हणाले, न्हाई लावला बाई. फोटूच न्हवता. आन् फ्लेक्स करनारा त्योच हुता. आमी म्हनलं, करू मागनं.

तालुक्याला निरोप देणाऱ्याला कोणी निरोप दिला नाही. म्हणून हा दोन वर्षं कामावर येतोय. डिस्क जुन्या, मंद, पडून होत्या, तोवर हात चालत नव्हता. मी येऊन त्याला हवं तसं यंत्र दिलं. दोन तास एकोणतीस मिनिटांत.

ठीक आहे, अर्जुना भावजी. करू तुमचा फ्लेक्स.

एक्केचाळीस हजार फायलींत जो माणूस कायम कॅमेऱ्यामागे होता, त्याचा चेहरा शोधायचा. डोळे फुटायची वेळ आली तेव्हा, चार वाजता, सापडला. कवठे महांकाळच्या एका लग्नात मांडलेलं रुखवत, त्यात स्टीलचा नवा हंडा, आणि हंड्याच्या पोटावर वाकडा झालेला एक माणूस, डोळ्याला कॅमेरा. पुढच्याच फोटोत कॅमेरा खाली घेतलेला. बारीक मिशी, थकलेले डोळे. वाईट माणूस नव्हता. फक्त काम संपवता आलं नाही.

कापला. चेहरा सरळ केला. निळा कोट घातला. नाव, जन्मतारीख, म्हसवडच्या लग्नाची तारीख. ‘झालेले’मध्ये टाकला तर मुकी म्हणते, रांगेत आहे.

अर्थात. आज बंद.

बुधवार, १२ फेब्रुवारी

९.४०. फोन टेबलावर, स्पीकर चालू. पलीकडे सुभेदार, खाटेवर मनुबाई. मी सांगून ठेवलंय, त्यांनी सतत बोलत राहायचं. त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आत्ता विचारतायत, त्या बाईनं न्याहारी केली का. बाई थालीपीठ खाऊन बसली आहे, काळजी नको.

९.५२. ‘तयार’ मोजलं. एक जास्त आहे. काल नव्हतं. फ्लेक्स तो दुकानाच्या वेळेबाहेर, रात्री घरी बसूनच करायचा.

९.५५. माझीच फाईल. गेल्या आठवड्यातल्या सोमवारचा पायरीवरचा फोटो, मला एकटीला कापलेलं. हिरवी साडी. नथ. नाव बरोबर लिहिलंय, संयोगिता, शुद्धलेखनासह. मला राग आला आहे. भीतीही आहे, पण राग आधी आला, याची नोंद घ्यावी.

१०.००. सुरू. अर्जुनाची फाईल रांगेतून पुढे. एक टक्का. एवढीशी फाईल, पापणी लवायच्या आत जायला हवी. दोन टक्के.

१०.०६. मनुबाई गेली. ओढली. फोनवर खोकला, मग शिवी. देवा, काय सुंदर शिवी.

१०.११. पुन्हा. ओढली. वीस टक्के. उजवा हात माऊसवर, डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नये.

१०.१९. दोन्ही गेल्या. ती आणि मी. एकदम. श्वास — छातीवर कोणी बसल्यासारखं — तिची आधी ओढली. मग माझी. सोळा सेकंद.

१०.२४. पुन्हा दोन्ही. हात एकच आहे. तिची आधी. कायम तिची आधी, हे ठरवून टाकलं, म्हणजे ऐनवेळी विचार नको. बावीस सेकंद. कडेने काळं होतं. एकावन्न टक्के.

सुभेदार विचारतायत, म्याडम, हाय न्हवं? हाय, म्हटलं. हाय.

१०.३१. तिची. माझी. तिची. माझी. सत्तर.

कंगवा हलतोय. वारा नाही. मागे दोरी — पडदा ओढल्याचा आवाज. स्वित्झर्लंड. वळून बघणार नाही. वळलं की फोटो निघतो.

तिची. — माझी राहिली. नंतर. — ऐंशी — तिची.

मागून कोणीतरी म्हणालं, हनुवटी खाली. अगदी सौम्यपणे, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.

वर. वर ठेवली आहे.

एक्क्याण्णव. भावजी, तुमचाच नंबर आहे, सरका — मनुबाई फोनवर ओरडतायत, म्हणजे आहेत — आहेत — तिची ओढली — माझी तिकडेच राहू दे, हात पुरत नाही —

श्वास धरा, म्हणतोय.

नाही धरणार. सोडतेय. मोठ्याने सोडतेय. सहासष्ट की सहा — नाही, शहाण्णव —

शहाण्णव — खांद्यावर काहीतरी घालतायत, हिरवं — तिची. पुन्हा तिची. — अठ्ठ्याण्णव — नाकाजवळ थंड, मोत्याचं —

नव्व्याण्णव — मेले तरी नथ घाल